दहा मिनिटांचा आक्रोश : 'चाइल्ड इन टाइम'

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघाले की कन्हानच्या काठावर मौदा लागते. आजूबाजूला धानाच्या बांध्या, एनटीपीसीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि महामार्गावर रात्रंदिवस धावणारे ट्रक. या गावाचा युद्धाशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण नदीच्या वरच्या अंगाला कामठी आहे. तिथली छावणी इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवली आणि आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. महामार्गाने पुढे गेले की भंडाऱ्याच्या अलीकडे जवाहरनगरची आयुध निर्माणी येते. ती १९६४ सालची, म्हणजे चीनच्या युद्धानंतर अवघ्या दोन वर्षांनी उभी राहिलेली. तोफगोळा नळीतून बाहेर ढकलणारी दारू तिथे तयार होते. एका बाजूला लढणारा जवान घडतो, दुसऱ्या बाजूला त्याच्या तोफेची दारू घडते आणि मधल्या पट्ट्यात मौद्याचा शेतकरी रोवणी करतो.

२४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्या दिवशी देशात कुठेही युद्ध चालू नव्हते. या आठ जणांची गणना कोणत्याही लढाईच्या हिशेबात होणार नाही, पण युद्धाची तयारी करता करताच ते गेले. म्हणून मला वाटते की युद्धाविरुद्ध केलेल्या संगीताची ओळख करून घ्यायला कन्हानकाठचा हा पट्टा अगदी योग्य आहे. इथल्या माणसाला युद्ध फक्त टीव्हीवर दिसत नाही, ते त्याच्या नात्यागोत्यात आणि पगाराच्या पाकिटात असते.

संगीताचा जो प्रकार इथे समजून घ्यायचा आहे तो हार्ड रॉक. 'नुसता गोंगाट' म्हणून आपल्याकडे त्याची बोळवण होते, तेव्हा हा गोंगाट कसा तयार होतो ते आधी पाहू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेचे कंपन विजेच्या लहरीत बदलते आणि ही लहर अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीबाहेर लहर वाढवली की तिची वरची आणि खालची टोके छाटली जातात. या छाटण्यातून मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर जन्माला येतात, आणि आवाज जाड, खरखरीत, फाटल्यासारखा होतो. इंजिनिअरच्या दृष्टीने हा दोष. १९६० च्या दशकातल्या वादकांनी तोच दोष मुद्दाम जवळ केला. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी खोलणाऱ्या आपल्या कारागिरालाही उपस्वरच हवे असतात. त्याचा हेतू स्वर भरदार व्हावा हा असतो, रॉकवाल्यांना स्वर जखमी हवा होता. युद्धाबद्दल बोलायला हा जखमी स्वर त्यांच्या हाती आयता आला होता.

आता गाण्याकडे येऊ. 'डीप पर्पल' या इंग्लिश बँडच्या 'डीप पर्पल इन रॉक' या अल्बममध्ये 'चाइल्ड इन टाइम' आहे. अल्बम जून १९७० मध्ये आला. गाणे दहा मिनिटांपेक्षा थोडे मोठे. त्या काळी रेडिओवर वाजायचे असेल तर गाणे तीन-चार मिनिटांत आटपावे लागे, कारण सात इंची एकेरी तबकडीच्या एका बाजूला तेवढेच नीट मावत असे. कंपनीला रेडिओसाठी काहीतरी हवे होते, म्हणून बँडने 'ब्लॅक नाइट' हे वेगळे छोटे गाणे करून दिले. ते इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि अल्बममध्ये घेतलेही नाही. 'चाइल्ड इन टाइम' अल्बमच्या पोटातच राहिले. जो पूर्ण तबकडी विकत घेईल आणि बसून ऐकेल, त्याच्यासाठीच ते होते. या प्रकारच्या गाण्यांना 'अल्बम ट्रॅक' म्हणतात. युद्धाविरुद्धची हार्ड रॉकमधली कितीतरी मोठी कामे अशीच अल्बमच्या आत सापडतात, कारण हा विषय तीन मिनिटांत उरकण्यासारखा नाही.

बँडमध्ये पाच जण. गिटारवर रिची ब्लॅकमोर, गायक इयन गिलन, बास गिटारवर रॉजर ग्लोव्हर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर इयन पेस. यांपैकी ब्लॅकमोर, गिलन आणि ग्लोव्हर हे तिघेही १९४५ साली जन्मले. गिलनची तारीख १९ ऑगस्ट. हिरोशिमावर बॉम्ब पडून तेरा दिवस झाले होते, नागासाकीवर पडून दहा, आणि जपानच्या शरणागतीची घोषणा होऊन चार. या पिढीने दुसरे महायुद्ध प्रत्यक्ष पाहिले नाही, पण तिसरे होणार ही टांगती तलवार डोक्यावर घेऊनच ती वाढली. १९५८ पासून इंग्लंडमध्ये अणुबॉम्बविरोधी मोर्चे निघत होते. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले.  गाणे आकाराला आले ते पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये. गिलनने नंतर स्पष्ट सांगितले आहे की शब्द लिहिताना त्याच्या मनात शीतयुद्ध होते.

आणि आता आपल्या घराजवळची गोष्ट. या गाण्याची सुरावट ज्या धूनेवरून सुचली, तिचे नाव 'बॉम्बे कॉलिंग'.

सॅन फ्रान्सिस्कोत 'इट्स अ ब्यूटिफुल डे' नावाचा बँड होता. डेव्हिड लाफ्लॅम हा त्याचा व्हायोलिनवादक. १९६९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि त्यात 'बॉम्बे कॉलिंग' ही फक्त वाद्यांवर वाजवलेली रचना होती. मूळ कल्पना व्हिन्स वॉलेस या सॅक्सोफोनवादकाची. त्या काळात अमेरिकेतल्या तरुणांना भारताचे मोठे आकर्षण होते, रविशंकरांची सतार तिथे घरोघरी पोचली होती, आणि पूर्वेकडचा भास देणाऱ्या धूनेला मुंबईचे नाव देणे त्यांना सहज सुचले. मुंबईतल्या कोणत्याही गाण्याशी किंवा वाद्याशी या धूनेचा संबंध नाही, तेव्हा त्यावरून अभिमान बाळगण्याचे कारण नाही. पण लंडनच्या हॅनवेल भागात तालीम चालू असताना जॉन लॉर्डने ही धून ऑर्गनवर छेडली, बाकीच्यांना ती आवडली, तिचा वेग त्यांनी निम्म्यावर आणला, आणि त्या संथपणात गिलनला शब्द सुचले. ज्या धूनेवर लोक नाचत होते, तिच्यातली काळजी वेग कमी करताच वर आली. हे कसब मला फार मोठे वाटते. दोन्ही रचना एकापाठोपाठ ऐकल्या की सूर तेच आहेत हे लगेच कळते. पहिलीत उत्साह आहे, दुसरीच्या पहिल्याच ओळीला पोटात गोळा येतो.

श्रेयनामावलीत मात्र डीप पर्पलच्या पाच जणांचीच नावे आहेत. आज असे घडले असते तर प्रकरण कोर्टात गेले असते. त्या वेळी परतफेड झाली ती संगीतानेच. 'इट्स अ ब्यूटिफुल डे'ने १९७० च्या आपल्या दुसऱ्या अल्बममध्ये 'डॉन अँड ड्यूई' ही रचना केली, ती डीप पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वरून उचललेली. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पलने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम केला, तेव्हा घेतलेले आणि दिलेले अशी ही दोन्ही गाणी एकाच संध्याकाळी वाजली. 'चाइल्ड इन टाइम' तबकडीवर यायला अजून नऊ महिने होते.

शब्द अगदी मोजके आहेत. एक मूल, भल्याबुऱ्यामधली रेषा, जगावर गोळ्या झाडणारा एक आंधळा, आणि त्या गोळ्यांपासून आपण सुटलेले नाही ही जाणीव. एवढा ऐवज दोनदा येतो आणि संपतो. कोणत्याही देशाचे नाव नाही, झेंडा नाही, पुढारी नाही. बंदूक चालवणारा आंधळा अमेरिकन आहे की रशियन हे सांगितलेले नाही, आणि गाणे पन्नास वर्षांनंतरही शिळे झाले नाही ते यामुळेच. बाकीची सगळी मिनिटे शब्दांवाचून जातात. युद्धाविरुद्धचे म्हणणे त्या शब्दांवाचूनच्या भागात आहे, म्हणून तोच भाग जवळून पाहायला हवा.

सुरुवात ऑर्गनने. हॅमंड ऑर्गन एरवी लॉर्डच्या हातात गुरगुरतो, इथे तो स्वच्छ आणि एकटा आहे, चर्चमधल्यासारखा. पेस झांजेवर काडीचे हलके ठोके देतो, तेवढाच ताल. गिलन जवळजवळ कुजबुजत गातो. कडवे संपते आणि तो नुसता ऊकार लावतो. आपल्या बैठकीत गायक बोल सोडून आकारात शिरतो, तसा. पहिल्यांदा ऊकार खालच्या सप्तकात, शांत, थोडा झुलता. मग तोच आकृतिबंध वर सरकतो, आवाज उघडतो, ऊकाराचा आकार होतो. तिसऱ्या वेळी तो तार सप्तकात अशा जागी जातो की पुरुषाचा गळा सहसा तिथे टिकत नाही, आणि तिथे तो ओरडतो. तरीही सूर सुटत नाही. प्रत्येक किंकाळी अचूक स्वरावर पडते, हे नीट लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. भीतीने फोडलेली किंकाळी बेसूर असते, दुःखाने फोडलेलीही बेसूर असते. सुरात लावलेली किंकाळी म्हणजे ठरवून नोंदवलेला निषेध.

मग ड्रम लष्करी कवायतीसारखे वाजू लागतात. संचलनाचे पाऊल स्पष्ट ऐकू येते. गिटार पुढे येते, आधी रेंगाळत, विचार करत, आणि अचानक सगळा बँड दुप्पट वेगात सुटतो. विलंबितातून द्रुतात जाताना आपल्या गायकाला वाट तयार करावी लागते, इथे उडी आहे. ब्लॅकमोरच्या बोटांखालून स्वर गोळीबारासारखे सुटतात, त्यांना ऑर्गनचा आणि बासचा धक्का मिळतो, आणि ऐकणाऱ्याच्या अंगात वीज खेळते. इथे मला हे गाणे फार प्रामाणिक वाटते. युद्धाची चेतना काय असते, ती माणसाला कशी ओढते, हे ते लपवत नाही. 'युद्धस्य कथा रम्या' हे वचन आपण लहानपणापासून ऐकतो. ती रम्यता खरी आहे, तिच्यात सामर्थ्य आहे, आणि युद्धाला विरोध करणाऱ्याने ती नाकारून चालत नाही. गाणे आपल्याला त्या धावेत सामील करून घेते. सहाव्या मिनिटाच्या आसपास सगळे एकदम थांबते. वेग नाही, गिटार नाही. तोच एकटा ऑर्गन, तीच झांज, तेच मूल, तेच शब्द, पुन्हा पहिल्यापासून. एवढे सगळे होऊन काही शिकलो नाही आणि चक्र पुन्हा सुरू झाले आहे, हे कळायला भाषण लागत नाही. दुसऱ्या फेरीचा शेवट सरळ विध्वंसात होतो. ताल फुटतो, वाद्ये एकमेकांवर कोसळतात, किंकाळ्यांना आता रचना उरत नाही.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९७० मध्ये, बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबाथ'ने 'पॅरानॉइड' हा अल्बम काढला आणि त्याचे पहिले गाणे 'वॉर पिग्ज' होते. हे उलट्या स्वभावाचे आहे. सुरुवातीला हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो आणि मग गीझर बटलरचे शब्द सेनापतींवर आणि राजकारण्यांवर थेट आरोप ठेवतात: युद्ध तुम्ही लावता, मरायला गरिबांची पोरे जातात. अल्बमलाही 'वॉर पिग्ज' हेच नाव द्यायचे ठरले होते, कंपनीने ते बदलले, पण ढाल-तलवार घेतलेल्या माणसाचे चित्र मुखपृष्ठावर तसेच राहिले. बँडमधले चौघेही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली कामगारवस्तीतली पोरे. गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावरा, म्हणजे तारा दाबणारी बोटे तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि पुढे तारा सैल करून वाजवायला लागला. त्यातून आलेला जड, खोल आवाज पुढच्या सगळ्या हेवी मेटलचा पाया ठरला. कारखान्यात बोटांची टोके गमावलेल्या माणसाने युद्धखोरांवरच्या या गाण्याला आवाज दिला. जवाहरनगरच्या कामगाराला हे मुद्दाम समजावून सांगावे लागणार नाही.

'चाइल्ड इन टाइम'चे सर्वांत गाजलेले ध्वनिमुद्रण मात्र जपानमधले आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये डीप पर्पलने ओसाकात दोन आणि टोकियोत एक कार्यक्रम केला आणि त्यातून 'मेड इन जपान' हा अल्बम निघाला. त्यातले 'चाइल्ड इन टाइम' १६ ऑगस्टचे, ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमधले, बारा मिनिटांहून मोठे. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन बॉम्बवर्षावात हे शहर जळाले होते. शरणागतीला सत्तावीस वर्षे होऊन एक दिवस उलटला होता आणि तीन दिवसांनी सत्ताविशी पूर्ण करणारा गिलन तिथे ही किंकाळी लावत होता. त्या संध्याकाळी सभागृहात बॉम्बची ती रात्र पाहिलेले कुणी असेलच. मी हे मुद्रण ऐकतो तेव्हा हा विचार बाजूला ठेवता येत नाही. पुढे वय झाल्यावर गिलनने हे गाणे मंचावर गाणे सोडले. गळा साथ देत नसताना ते ओढून गाण्यापेक्षा न गाणे बरे, हा त्याचा निर्णय मला आदर वाटावा असा आहे.

एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत आले. ब्लॅकमोर तेव्हा बँड सोडून गेला होता, गिटारवर नवा स्टीव्ह मोर्स होता. त्या कार्यक्रमाचे चित्रण पुढे प्रसिद्ध झाले आणि त्याचे नाव ठेवले 'बॉम्बे कॉलिंग'. तोवर मुंबईत रॉकचा श्रोता चांगला तयार झाला होता. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चे मेळे भरत होते आणि पोरे परदेशी बँडची गाणी तोंडपाठ वाजवत होती. विदर्भात हे संगीत आले ते मुख्यतः एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्याने भरून घेतलेल्या कॅसेटींतून.

हे सगळे परक्यांचे आहे, आपल्या सैन्याचा अपमान करणारे आहे, असा आक्षेप कुणी घेतला तर त्याला उत्तर द्यायला हवे. युद्धाला विरोध म्हणजे जवानाला विरोध नव्हे. वर सांगितलेली दोन्ही गाणी मरणाऱ्याच्या बाजूने उभी आहेत. आणि परकेपणाचे म्हणाल तर दीक्षाभूमी मौद्याहून तासाभराच्या वाटेवर आहे. डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस निवडला तो अशोक विजयादशमीचा. कलिंगात एक लाख माणसे मारली आणि दीड लाख बंदी करून नेली, हा आकडा जिंकणाऱ्या अशोकाने स्वतः शिलालेखात कोरून ठेवला आणि त्याबद्दल दुःख नोंदवले. जगात युद्धाविरुद्ध जे काही बोलले गेले आहे, त्यात हा शिलालेख फार वरच्या जागी आहे. विदर्भाचेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वशांतीच्या परिषदेसाठी गेले होते, आणि १९६२ च्या युद्धात तेच महाराज जवानांना धीर द्यायला सीमेवर गेले. शांतीचा आग्रह आणि जवानाबद्दलची माया एकाच खंजिरीत मावली. ज्या मातीत हे घडले, तिथल्या माणसाला ओसाकातली किंकाळी परकी वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा आता प्रत्यक्ष ऐका. आधी 'बॉम्बे कॉलिंग', मग लगेच १९७० चे 'चाइल्ड इन टाइम', आणि दुसऱ्या दिवशी 'मेड इन जपान'मधले. शब्द आधी वाचू नका. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ऑर्गनचा खर्ज आणि बास ऐकूच येत नाहीत, म्हणून बरे हेडफोन लावा. सुरुवात फार हळू आहे म्हणून आवाज वाढवू नका, तिसऱ्या मिनिटाला कानांना त्रास होईल. सहाव्या मिनिटाला सगळे थांबते तिथे गाणे संपले असे समजून उठू नका. आणि घरात कुणी फौजेत असेल किंवा निर्माणीत कामाला असेल, तर हे गाणे त्याच्याशेजारी बसून ऐका, आणि त्याला काय वाटले ते विचारा.